नवसाची कलेजी

४ मार्च २०१९, सोमवार

अभयच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. पाण्याची. चांगली नारळाएवढी!

सोनोग्राफीवाले डॉक्टर मशीन पुसता पुसता म्हणाले, "हायडॅटिड दिसतंय." आणि मला समजावून सांगायला लागले — मॅडम, हा एक जंत असतो, कुत्र्याच्या पोटात राहतो... मी म्हटलं, सर, मला माहितीये. जनावरांची डॉक्टर आहे मी. आमच्या लॅबमध्ये ह्याच जंताचं काम माझ्याकडे आहे. कत्तलखान्यात उभी राहून शेळ्यामेंढ्यांच्या कलेज्या चाचपते, ह्याच गाठी शोधते. त्यांनी पुसलेलंच मशीन पुन्हा पुसलं.

कुत्र्याच्या आतड्यात तांदळाच्या कणीएवढा जंत. त्याची अंडी विष्ठेतून मातीत, गवतावर. शेळीनं ते गवत खाल्लं की तिच्या कलेजीत पाण्याचा फोड. शेळी कापली, फोड कुत्र्यापुढं टाकला, की पुन्हा जंत. माणूस ह्या फेऱ्यात चुकून सापडतो. किती गावांत मी हे फळ्यावर काढून दाखवलंय! आणि माझ्या घरातला माणूस दिवाळीपासून म्हणतोय, उजव्या कुशीत जड वाटतं — तर मी म्हणत होते, गॅस असेल, वडापाव कमी खा.

५ मार्च

रात्रभर झोप नाही. अभय मस्त घोरत होता.

८ मार्च

सर्जनकडे जाऊन आलो. आधी महिनाभर गोळ्या, मग ऑपरेशन. १६ एप्रिल, मंगळवार, अशी तारीख दिली. गाठ लिव्हरच्या अगदी काठाला आहे. तोवर जड उचलायचं नाही, पोटाला धक्का लागू द्यायचा नाही. फुटली तर आतलं पाणी पोटात पसरतं आणि अंगाला ते सहन होत नाही. सर्जन हे अभयकडे बघून सांगत होते, पण कळत मला होतं.

गोळ्यांचं पाकीट बघून अभय म्हणाला, "हे तर तू शेळ्यांना देतेस तेच! आता मी बँ करायचं का?"

हसले. काय करणार! लग्न झाल्यापासून हा माणूस मला असाच हसवत आलाय, आणि मी दर वेळी आधी चिडते.

११ मार्च

आईंना सांगितलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मुक्ताबाई. अभय त्यांचा एकुलता एक. सासरे लवकर गेले, ह्यांनी कापूस वेचून पोराला आयटीआय शिकवलं. तो चितेगावच्या कंपनीत लागला, आम्ही पैठण रोडला प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या, तेव्हा कुठं त्या गाव सोडून आल्या.

मी सगळं नीट सांगितलं. कुत्रा, अंडी, गवत, फोड. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी जनावराचं दुखणं माणसाला लागलं."

म्हटलं, हो आई, तसंच.

"मग जसं आलं तसं जाईन की परत."

मी मान हलवली. मला वाटलं, गोळ्यांनी जाईल असं म्हणतायत.

१५ मार्च

अभय विचारतो, मला कुठून लागलं असेल? मी म्हटलं, लहानपणी मेंढरं यायची ना तुमच्या गावाला? "यायची की! धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात गळा घालून झोपायचो मी." मग असेल तेव्हाचं. ही गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. पण काय सांगावं! आमच्या लेआउटमध्येसुद्धा कुत्री काय कमी आहेत? जिथं तिथं अर्धी बांधलेली घरं, मोकळे प्लॉट, कोपऱ्यावर मटणाचं दुकान. दुष्काळानं लोक मिळेल त्या भावाला शेळ्या विकतायत, दुकानं वाढलीत, मागं कुत्र्यांची झुंबड. शहर वाढतंय ते असं.

आज सकाळी चिमटा आणि डब्या घेऊन गल्लीतल्या कुत्र्यांची विष्ठा गोळा केली. पलीकडच्या आशाबाई कंपाउंडवरून बघत होत्या. "डॉक्टरीणबाई, नोकरी बरी हाय ना? का ती सोडून हे धरलंत?"

अभय आतून ओरडला, "अहो, ती सोनं वेचतीये!"

१८ मार्च

लॅबचा निकाल आला. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांत जंत आहेत. भाकरीत गोळ्या घालून सगळ्यांना चारल्या. एक काळी कुत्री भाकरी खायची आणि गोळी थुंकायची. शेवटी गूळ लावला!

२३ मार्च

पाण्याचा टँकर आज आला. नळ आमच्याकडे पोचलाच नाही अजून, लेआउट मंजूर व्हायचंय म्हणे. जायकवाडी धरण ह्याच रोडच्या टोकाला आणि आमच्या घशाला कोरड. टँकर कोपऱ्यावर थांबतो, हॉर्न वाजवतो, की सगळी गल्ली ड्रम घेऊन पळते. इतके दिवस हे काम अभयचं होतं. आता मी आणि आई.

आई आता थकल्यात. मी एका बाजूनं धरते, त्या दुसऱ्या. अर्धं पाणी पायावर. अभय दारात उभा राहून बघत होता. आशाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अभयभाऊ, बरं हाय बाबा तुमचं! बाया पाणी भरतेत, तुमी हवा खा."

तो हसला, पण त्याचे कान लाल झाले. मला कळतं ना! घरात आल्यावर म्हणाला, "विशाखा, एक ड्रम तरी उचलू दे. माणसात राहू दे मला."

मी खेकसलेच. उचलून तर बघ! आपल्या आईची शपथ आहे तुला! शपथबिपथ मी मानत नाही, पण तोंडातून गेलं.

२९ मार्च

कत्तलखान्यात शब्बीरमियाँ, तिथले जुने कसाई, कलेज्या बाजूला काढून ठेवतात माझ्यासाठी. आज म्हणाले, "मॅडम, ये देखो, फिर पानी की गाठां." मी हातात घेतली आणि मोजायचंच विसरले. आजवर ती कलेजी होती. आज ती अभयच्या कुशीतली वाटली. शब्बीरमियाँना काय कळलं कुणास ठाऊक, त्यांनी हळूच काढून घेतली. "आज रहने दो बेटा. चाय पियो."

चहा प्यायले. मग मोजल्या. मोजायच्या असतातच.

३ एप्रिल

घरात भांडण. आईंनी नवस बोलून ठेवलाय! वैजापूरकडं, त्यांच्या माहेरच्या शिवारात एक पीर आहे. तिथं अभयच्या नावानं कंदुरी. बकरा! आणि कधी, तर ऑपरेशनच्या आधी.

अभय म्हणाला, "आई, आपण बौद्ध आहोत. जयंतीच्या आठवड्यात बकरा कापायचा? विहारातली माणसं काय म्हणतील?"

"विहारातली माणसं तुला जीव देणारेत का? म्या बी दीक्षा घेतलेली हाय. बाबांचा फोटो म्याच पुसते रोज. पर तू पोटात व्हतास तवा बी म्या त्या पिराला बोलले व्हते, अन् तू जगलास. तुझ्या आधीचे नाय जगले."

त्यांच्या आधीच्या लेकरांबद्दल त्या कधी बोलत नाहीत. मी म्हटलं, आई, करू. शनिवार-रविवार नको, गुरुवारी करू. पण अभयनं फक्त बसून राहायचं.

अभय माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच नवस बोलले! नंतर म्हणाला, "तू? तू हो म्हणालीस?" हो म्हणाले. बाईच्या डोळ्यांत बघून नाही म्हणता आलं नाही. ऑपरेशनची तारीख काही हलत नाहीये. एक दिवस जाऊन यायचं.

आणि खरं लिहायचं तर — मलासुद्धा बरं वाटलं. कुणीतरी काहीतरी करतंय.

७ एप्रिल

आईंना विचारलं, बकराच का? नारळ का नाही?

"बकरं माणसाचं दुखणं घिऊन जातंय. तशी बोली असती."

म्हटलं, बरं.

११ एप्रिल, गुरुवार

कंदुरी झाली. आत्ताच आलो. अंगाला धूर आणि उदाचा वास आहे.

पीर अगदी छोटासा. हिरवी चादर, कडुनिंबाचं झाड, आजूबाजूला नुसती ढेकळं. आईंचे भाऊ बन्सीमामा बकरा घेऊन आले होते. त्याचे कान, शिंगं, दात सगळं तपासून घेतलं. "नवसाचं बकरं निर्मळ लागतंय, सूनबाई. शिंगाचा टवका उडालेला चालत नाय." मी मनात म्हटलं, मामा, मी निवडला असता तर आत काय आहे तेही बघितलं असतं.

आणि आत काय होतं! मुलाण्यानं फातेहा म्हणून बकरा कापला, सोलला, पोट फाडलं आणि थांबला. मी मुद्दाम तिथंच उभी होते, सवयीनं. तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, कलेजी खराब हाय." कलेजीवर पाण्याचे फोडच फोड. टपोरे, पांढरे. अभयच्या नावाचा बकरा आणि अभयचंच दुखणं!

त्यानं नेहमीप्रमाणं ती मागं बसलेल्या कुत्र्यांकडं भिरकावायला हात उचलला. मी त्याचा हात धरला. इकडं द्या!

बन्सीमामा लांबून ओरडले, "असू द्या, कुत्र्याचा हक असतोय त्याच्यावर!" त्यांना वाटलं, मी आतड्यांवरून भांडतेय. मुलाणी माझ्याकडं बघत होता. नवसाचं बकरं असं निघालं हे आईंना कळलं तर? निर्मळ नाही म्हणजे पिरानं घेतलं नाही, असंच म्हणतील. पाच दिवसांवर ऑपरेशन. ती बाई जागच्या जागी खचेल. मुलाण्यालाही तेच वाटत असावं. म्हणाला, "कुणाला बोलू नका."

मी पिशवीतला स्टीलचा डबा काढला, भाकरी फडक्यात घेतल्या, कलेजी डब्यात घातली आणि झाकण घट्ट लावलं. आई तेव्हा अभयला घेऊन कडुनिंबाखाली बसल्या होत्या, पदरानं वारा घालत. त्यांचं लक्ष नव्हतं.

बाकी आतडी, फुप्फुसं मामांकडून खड्डा खणून पुरून घेतली. वर दगड. मामा वैतागले — "शिकलेली सून म्हंजी ताप हाय." कुत्री खड्ड्याभोवती बसून राहिली.

कंदुरीचं मटण तिथंच खाऊन संपवायचं असतं, घरी काही न्यायचं नाही. अभय पोटभर जेवला. आई तर इतक्या खूश! परत येताना जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. महिनाभरात त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी डबा मांडीवर घेऊन बसले होते. एक नियम मी मोडला तर! उद्या लॅबमध्ये नेऊन तपासते.

१२ एप्रिल

फोडांतल्या पाण्यात जंताची पिल्लं जिवंत होती. कुत्र्यांनी खाल्ली असती तर फेरा पुढं चालू. पण तो तिथं थांबला. वैजापूरकडं एका बकऱ्यापुरता.

अभयला आज डब्याचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आईला नको सांगू. तिचं बरं चाललंय." तेच तर!

संध्याकाळी दोघं गच्चीवर बसलो. खाली पोरं जयंतीचे निळे झेंडे लावत होती. तो म्हणाला, "बरा झालो की पुढच्या वर्षी मिरवणुकीत नाचणार. तुलाही नाचवणार." मी म्हटलं, आधी मंगळवार जाऊ दे.

१४ एप्रिल

अभय गेला. काल.

१९ एप्रिल

लिहून काढते. नाहीतर डोकं फुटेल.

शनिवारी सकाळी मी कत्तलखान्यात होते. आशाबाईंचा फोन आला — लवकर या, अभयभाऊ पडलेत. टँकर आला होता. त्यानं निळा ड्रम पोटाशी धरून उचलला, भरलेला. पाय घसरला आणि ड्रमची कड कुशीत बसली. आधी म्हणाला, काही नाही. ओट्यावर बसला. मग अंगभर गांधी उठली, ओठ सुजले, श्वास घेता येईना. आशाबाईंच्या दिरानं टेंपो काढला. मी निम्म्या वाटेत भेटले. त्याचा हात गार पडला होता. मला बघून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. मला कळलं नाही. मला काहीच कळलं नाही!

दवाखान्याच्या दारात संपलं.

काय झालं ते मला कुणी सांगायला नको होतं. गाठ फुटली. त्याला माहीत होतं. रोज सांगत होते, भांडत होते, शपथ घातली होती. तीन दिवस राहिले होते. तीनच!

रविवारी सगळीकडं निळा उजेड, ढोल. आमच्या गल्लीतल्या पोरांनी आपणहून वाजवणं बंद ठेवलं. ती पोरं रडत होती.

२४ एप्रिल

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहारातले सगळे आले. वंदना झाली. कंदुरीचं कुणी काढलं नाही. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळ्यांत पाणी नाही.

आशाबाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, म्या त्याला नको म्हणलं व्हतं." मी तोंड फिरवलं. नको म्हणाल्या! भर गल्लीत माणसाला टोमणा मारायचा, त्याचे कान लाल करायचे, आणि नंतर नको म्हणायचं. ह्या बाईशी मी पुन्हा बोलणार नाही.

१ मे

तुझा राग येतो, अभय. लिहू नये, पण येतो. कशाला उचललास? आशाबाईला दाखवायला? गल्लीला दाखवायला? एका ड्रमसाठी मला असं सोडून गेलास! पाण्याशिवाय राहिलो असतो आपण. न धुता, न आंघोळ करता, घाण होऊन राहिलो असतो.

९ मे

कामावर गेले. शब्बीरमियाँनी स्टूल दिलं, पंखा माझ्याकडं फिरवला. कलेज्या मी बघितल्या, मोजल्या त्यांनी. कुणी काही विचारलं नाही. देव त्यांचं भलं करो.

१६ मे

टँकरचा हॉर्न वाजला की आई आतल्या खोलीत जाऊन कडी लावतात. सगळं होईपर्यंत बाहेर येत नाहीत. तो निळा ड्रम त्यांनी मागं नेऊन पालथा घातलाय. मी एकदा वापरायला उचलला तर म्हणाल्या, "राहू दे." पाणी आता मी एकटीच भरते. आशाबाईंची सून न बोलता एक कॅन दारात ठेवून जाते. मी ते झाडांना घालते.

२५ मे

आई जेवत नाहीत. मटणाचा वास आला तर उठून जातात. किती वेळा विचारलं, काय होतंय? "काय नाय." वजन बघवत नाही. मी त्यांना जवळ घेऊन बसते. दोघीच उरलोय. माझ्यावर चिडत का नाहीत त्या? मी घरी असते तर त्याला उचलू दिलं असतं का? असं म्हणाव्यात एकदा, म्हणजे मला मोकळं रडता तरी येईल.

२ जून, रविवार

आज टँकर आला आणि आई आत गेल्या नाहीत. ओट्यावर बसून राहिल्या. मी घागर घेऊन आले तर म्हणाल्या, "विशाखा, आशाबाईसंग बोलत जा. तिचा काय गुन्हा नाय. म्याच धाडलं त्याला."

घागर खाली ठेवली.

"डब्यात घातलीस ना तू कलेजी, म्या बघितली. नुस्ते फोड. म्हणलं, उतरलं! पोराचं दुखणं बकऱ्यावर उतरलं. लई आनंद झाला, बाई. मग त्या दिशी त्याला म्हणलं, ऊठ, तुला काय व्हत नाय आता, पाणी आण. तो नगं म्हणत व्हता. म्हणला, विशाखा रागवंल. म्या म्हणलं, तिला काय कळतंय ह्यातलं?"

टँकर निघून गेला. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू —

"तू ते डब्यातनं घरी आणलंस, म्हणून परत आलं का गं ते?"

नाही, आई. एवढंच म्हणाले. ते फोड बकऱ्याचेच होते, हे मी त्या दिवशी कडुनिंबाखालीच सांगायला हवं होतं.